उभ्याचं तिकीट

व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात चारशेहून जास्त जागा उभ्याने बघणाऱ्यांसाठी आहेत. खालच्या मजल्यावरच्या उभ्या जागा तर अगदी मधोमध, महागड्या खुर्च्यांच्या लगेच मागे. पुढे बसलेला माणूस दोनशे युरोंच्या वर मोजून आलेला असतो आणि त्याच्या मागे दहा पावलांवर तुम्ही एका साध्या जेवणाच्या पैशात कठड्याला टेकून उभे असता. समोर वहीएवढा स्क्रीन. त्यावर चाललेल्या गाण्याचा अर्थ येत राहतो, जर्मनपासून जपानीपर्यंत हव्या त्या भाषेत. तिकीट घेऊन आत गेलात की कठड्यावर आपली जागा पकडायची आणि तिथे मफलर बांधायचा. मग बाहेर जाऊन काही खाऊन या, फिरून या, जागा तुमची. तिथले लोक ही प्रथा पर्यटकांना फार कौतुकाने समजावून सांगतात. ज्याने नंदुरबार आगारात एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकलाय त्याला समजावायची गरज नाही.

कंपनीच्या कामासाठी मी तीन महिने त्या शहरात होतो आणि अकरा संध्याकाळी त्या कठड्याला टेकून काढल्या. नंदुरबारहून वडिलांचा फोन आला की पहिला प्रश्न एकच असायचा, “आजबी उभं राहीसनच?” हे लिहितोय ते ऑपेरा किती भव्य असतो हे सांगायला नव्हे. मराठीत ऑपेराबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं प्रवासवर्णनात असतं आणि त्यात जिना, झुंबरं, बायकांचे लांब झगे यांची वर्णनं झाली की शेवटी एक वाक्य येतं: भाषा कळली नाही, पण सूर काळजाला भिडले. या वाक्याचा मला राग आहे. एक तर ते खोटं वाटतं. तीन तास न कळणाऱ्या भाषेतलं गाणं नुसत्या सुरांवर ऐकणारा माणूस दुसऱ्या अंकात पेंगतो, मी शेजारी बघितलेत. दुसरं म्हणजे त्यात एक गृहीत धरलेलं असतं की ऑपेरा ही आपल्यासाठी संपूर्ण परकी गोष्ट आहे, आपण देवळाबाहेर उभे आहोत आणि आतली घंटा ऐकून धन्य झालो आहोत.

मला ते परकं वाटलं नाही, आणि याचं कारण बालगंधर्वांच्या आधी सोंगाड्या पार्टी आहे.

नंदुरबार जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, नवापूर या भागांत आदिवासी गावांमध्ये लग्नात, जत्रेत रात्रभर नाटक चालतं. ते करणाऱ्या मंडळाला सोंगाड्या पार्टी म्हणतात. मंडप, समोर गोणपाटावर, खाटांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेलं गाव, बायकांच्या भूमिका करणारे पुरुष, वाजवणारे एका बाजूला, आणि राजा, राणी, सावकार, पोलीस या सगळ्यांच्या मधून वाट काढत जाणारा सोंगाड्या. पूर्वीच्या वाद्यांच्या जागी आता बहुतेक ठिकाणी कीबोर्ड आणि मोठे स्पीकर दिसतात. भाषा देहवाली, मावची, गुजराती, मराठी अशी मिसळलेली, आणि गावागावाप्रमाणे बदलणारी. आमच्या घरात अहिराणी. लहानपणी तळोद्याच्या पुढे एका गावात वडिलांच्या ओळखीत लग्न होतं, तिथे मी पहिल्यांदा ही पार्टी पाहिली. अर्ध्याहून जास्त शब्द कळत नव्हते. स्क्रीन नव्हता. तरी कोण कोणाला फसवतोय, कोणाचं दुःख खरं आहे आणि कोण ते आणतोय, हे कळत होतं. कारण गाणं अशाच जागी येत होतं जिथे बोलणं पुरेनासं व्हायचं. शिवाय शेजारच्या आजी मधूनमधून सांगायच्या. म्हणजे न कळणाऱ्या भाषेतलं गायलेलं नाटक बघायचं शिक्षण माझं तिथेच झालं होतं. व्हिएन्नात आजींच्या जागी स्क्रीन होता. आजी जास्त चांगल्या होत्या, त्या पुढचं आधी सांगत नसत.

आता मराठी नाटकाच्या इतिहासाकडे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं. पारशी मंडळींचं उर्दू ‘इंद्रसभा’ बघून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगितलं जातं. त्या काळी पारशी कंपन्या आपल्या संगीत नाटकांना सरळ ‘ऑपेरा’ म्हणत. त्यानंतर बारा वर्षांनी, 17 एप्रिल 1892 ला, मुंबईत लुकासिन्हो रिबेरो या गोवेकराने कोंकणीत ‘इटालियन भुरगो’ रंगमंचावर आणलं आणि तियात्र सुरू झालं. हे रिबेरो मुंबईत आलेल्या एका इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर काम केलेले. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर ऑपेरा दोन वाटांनी आला, एकदा पारशी नाटकाच्या सुधारलेल्या नावातून आणि एकदा थेट इटालियन कंपनीच्या पडद्यामागून. तो आला आणि लगेच दुसरंच काहीतरी होऊन बसला. याचं वाईट वाटण्याचं काही कारण नाही.

पण तुलना करताना एक गफलत नेहमी होते. संगीत नाटकाची तुलना इटालियन ऑपेराशी केली जाते, ज्यात सगळंच गायलं जातं, अगदी ‘दार उघड’ हेसुद्धा. आपलं संगीत नाटक तसं नाही. त्यात गद्य संवाद आहेत, मग पद, मग पुन्हा गद्य. त्याचा खरा चुलतभाऊ जर्मन ‘झिंगश्पील’, आणि त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध नाटक म्हणजे मोत्सार्टचं ‘द मॅजिक फ्लूट’. ते मी फोल्क्सओपरमध्ये पाहिलं. फोल्क्सओपर म्हणजे शब्दशः लोकांचं ऑपेरा, 1898 सालचं थिएटर, स्टेट ऑपेरापेक्षा स्वस्त आणि जास्त गोंगाटाचं. शेजारी शाळेतली पोरं होती. आणि रंगमंचावर पापागेनो आला तेव्हा मला एकदम ओळख पटली: हा सोंगाड्या आहे.

ओळख वरवरची नाही, तिला इतिहास आहे. ‘मॅजिक फ्लूट’चा पहिला प्रयोग 30 सप्टेंबर 1791 ला व्हिएन्नाच्या तटाबाहेरच्या एका उपनगरी थिएटरात झाला. थिएटर चालवायचा एमानुएल शिकानेडर. नाटक त्यानेच लिहिलं, मोत्सार्टकडून संगीत करून घेतलं आणि स्वतःसाठी पापागेनोची भूमिका ठेवली. पापागेनो पिसं लावलेला पक्षी पकडणारा आहे. त्याला ज्ञान नको, परीक्षा नको, खायला-प्यायला हवं आणि बायको हवी. नायक तामिनो गंभीरपणे सत्याच्या शोधात जातो, पापागेनो त्याच्यामागे रडतकढत. राजा गंभीर आणि सोंगाड्या भुकेला, हे आमच्या मंडपातलं जुनं गणित. मोत्सार्टने बायकोला लिहिलेल्या पत्रात एक किस्सा आहे. पापागेनोकडे जादूची घंटी आहे, ती शिकानेडर रंगमंचावर वाजवल्याचं नाटक करायचा आणि खरी वाजायची पडद्यामागे. एका प्रयोगात मोत्सार्ट स्वतः पडद्यामागे वाजवायला बसला आणि मुद्दाम भलत्या जागी वाजवू लागला. शिकानेडर थांबला, मग हातातल्या खोट्या घंटीवर फटका मारून तिला गप्प बस म्हणाला. सगळे हसले. त्या दिवशी अनेकांना पहिल्यांदा कळलं की घंटी तो वाजवत नाही. सोंगाड्या आणि ढोलकीवाला यांची खोडी ज्याने पाहिली आहे त्याला हा प्रसंग वाचताना मोत्सार्ट कुठे बसला असेल ते नेमकं दिसतं. यानंतर दोन महिन्यांत मोत्सार्ट वारला.

याच्याही मागे जा. व्हिएन्नात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हान्सवुर्स्ट नावाचं पात्र फार चालायचं. नावाचा अर्थ साधारण ‘सॉसेजवाला हान्स’. खेडवळ कपडे, अचकट विनोद, आणि संवाद ऐनवेळी सुचतील ते. शिकलेल्या मंडळींना त्याची लाज वाटायची. लाइपझिगमध्ये 1737 मध्ये त्याला रंगमंचावरून समारंभपूर्वक हाकलण्यात आलं. व्हिएन्नात झोनेनफेल्स नावाच्या सुधारकाने त्याच्याविरुद्ध मोहीम चालवली आणि 1770 च्या सुमारास ऐनवेळच्या संवादांवर बंदी आली. कारण उघड आहे, लिहिलेलं नाटक सरकारला आधी तपासता येतं, सोंगाड्याचं तोंड तपासता येत नाही. राष्ट्राला सभ्य रंगभूमी हवी होती. वीस वर्षांत तोच हान्सवुर्स्ट पिसं लावून मोत्सार्टच्या संगीतावर परत आला, आणि आज त्याच्यासाठी जगभरातून लोक विमानाने येतात.

आपल्याकडे सभ्य रंगभूमीने तमाशापासून अंतर ठेवलं हे आपण शाळेत शिकतो, फक्त ते प्रगती म्हणून शिकतो. संगीत नाटकात विदूषक आला तो संस्कृत नाटकाच्या दारातून, ब्राह्मण होऊन. सोंगाड्या फडातच राहिला. पुढे ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं, दादा कोंडके आले, 1971 मध्ये ‘सोंगाड्या’ नावाचा सिनेमाच आला, आणि पुण्या-मुंबईला तो मान्य झाला. आमच्याकडची सोंगाड्या पार्टी मात्र आजही ‘मराठी नाटक’ या शब्दात बसत नाही. ती ‘आदिवासी लोककला’ या खोक्यात जाते आणि तिथून शासनाच्या जनजागृती कार्यक्रमात बाहेर निघते. तिच्यावर समीक्षा होत नाही. कुठल्या पार्टीचा कुठला सोंगाड्या चांगला आणि का, कोणता वग ढिला पडतो, हे सगळं गावात लोक तावातावाने बोलतात. छापील मराठीत त्यातलं क्वचितच काही सापडतं.

म्हणून समीक्षेचा थोडा प्रयत्न करतो, दोन्हीकडे एकाच मापाने.

‘मॅजिक फ्लूट’मध्ये बायकांबद्दल जे बोललं जातं ते आज ऐकवत नाही. शहाणा म्हणून दाखवलेला पुजारी सारास्त्रो आणि त्याची मंडळी बाई म्हणजे बडबड आणि फसवणूक असं सांगत सुटतात. मोनोस्टाटोस हा काळा म्हणूनच वाईट आहे. आजकाल बरीच थिएटरं हे संवाद बदलतात किंवा गाळतात. सोंगाड्या पार्टीतही बायकोला मारण्यावरचे विनोद येतात, आणि लोक हसतात. एकाला वारसा म्हणून सांभाळायचं आणि दुसऱ्याला मागास म्हणून नाकं मुरडायची, हे चालणार नाही. दोन्ही ठिकाणी तेवढा भाग वाईट आहे. पण पापागेनो बायको मिळत नाही म्हणून जीव द्यायला निघतो, आणि कोणी अडवतंय का ते बघत एक, दोन, तीन मोजतो, तो प्रसंग मी पाहिला तेव्हा गायकाने दोन आणि तीनच्या मध्ये इतका वेळ काढला की मागून एक पोरगं मोठ्याने ओरडलं. गायकाने त्याच्याकडे बघून मान हलवली. अख्ख्या तीन महिन्यांतला मला सगळ्यांत आवडलेला क्षण तो. स्वरलिपीत तो लिहिलेला नव्हता.

‘तोस्का’बद्दल मात्र माझं मत तितकं चांगलं नाही. स्टेट ऑपेरातली ‘तोस्का’ मार्गारेटे वालमनने 1958 मध्ये बसवली आणि अजून तीच चालते, तेच रंगवलेले पडदे, तेच चर्च. याचा फायदा असा की गायक बदलत राहतात आणि उभ्या कठड्यावरचे म्हातारे तीस वर्षांपूर्वीच्या तोस्काशी आजच्या तोस्काची तुलना करतात, मध्यंतरात, ऐकू जाईल अशी. तोटा असा की गायिका नवी असली तर ती पडद्यांत हरवते. मी पाहिलेल्या प्रयोगात दुसऱ्या अंकातली तोस्काची प्रार्थना उत्तम झाली, टाळ्या पडल्या, आणि त्यानंतरचा खून अगदी उरकल्यासारखा. हे आपल्या ओळखीचं आहे. पदासाठी नाटक. वन्स मोअर मिळालं की बाकीचं काम संपलं.

वन्स मोअरचा विषय निघालाच आहे तर. बालगंधर्वांच्या प्रयोगांना पहाट व्हायची, एकेक पद तीन-तीनदा, याला आपण कधी रसिकता म्हणतो, कधी संगीत नाटकाच्या ऱ्हासाचं कारण. मोत्सार्टचं ‘फिगारोचं लग्न’ 1 मे 1786 ला व्हिएन्नात लागलं आणि पहिल्या दोन-तीन प्रयोगांतच इतके वन्स मोअर झाले की सम्राट योसेफ दुसरा याला हुकूम काढावा लागला: एकापेक्षा जास्त आवाजांची गाणी पुन्हा म्हणायची नाहीत. राजाने वन्स मोअरवर मर्यादा घातली! आणि आज जी चिडीचूप शांतता बघून आपले प्रवासवर्णनकार भारावतात तीसुद्धा तशी अलीकडची. गुस्ताव माहलर 1897 ते 1907 तिथे संचालक होता. त्याने उशिरा येणाऱ्यांना दारं बंद केली, पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्यांना आवरलं. ऑपेराघरातली ती शांतता निसर्गदत्त नाही, ती नियम करून आणलेली आहे.

आवाजाबद्दल थोडं, कारण माझ्या कामाचा आणि या विषयाचा एवढाच संबंध. ऑपेराचा गायक माइकशिवाय गातो आणि समोर खड्ड्यात मोठा वाद्यवृंद वाजत असतो. त्याच्या वर जाणं नुसत्या जोराने शक्य नाही. वाद्यवृंदाची ताकद साधारण 500 हर्ट्झच्या आसपास जास्त असते आणि वर वर जाताना ती कमी होत जाते. तयार गायक, विशेषतः पुरुष गायक, घशाचा आकार असा ठेवतो की त्याच्या आवाजातली बरीच ऊर्जा 3000 हर्ट्झच्या आसपास गोळा होते, जिथे वाद्यं विरळ आहेत. आपल्या कानाची संवेदनाही त्या पट्ट्यात तीक्ष्ण असते. म्हणजे गर्दीतून वाट काढण्याऐवजी तो मोकळ्या गल्लीने येतो. आपल्या जुन्या नाटकवाल्यांनीही माइकच्या आधीच्या काळात हाच प्रश्न उंच पट्टीत गाऊन सोडवला. केशवराव भोसल्यांच्या पट्टीच्या गोष्टी आपण चमत्कार म्हणून सांगतो, पण ती शेवटच्या रांगेसाठी केलेली सोय होती. माइक आला आणि संगीत नाटकाचा आवाज खाली उतरला, गोड झाला. सोंगाड्या पार्टीने मात्र माइक घेऊनही ओरडणं सोडलं नाही. स्पीकर फाटतो, कीबोर्ड सगळं झाकतो आणि दोन वाजता गायकाचा आवाज बसतो. त्यांना चांगला साउंडवाला हवा, याहून मोठा कलाविषयक सल्ला माझ्याकडे नाही.

1911 हे साल मला फार आवडतं. 26 जानेवारीला ड्रेस्डेनमध्ये रिचर्ड श्ट्राउसचं ‘रोझनकाव्हालिअर’ लागलं. 12 मार्चला मुंबईत किर्लोस्कर मंडळीचं ‘मानापमान’. पहिल्यात ऑक्टाव्हियन हा सतरा वर्षांचा मुलगा आहे, त्याची भूमिका बाई करते, आणि नाटकात तो मुलगा मोलकरणीचं सोंग घेतो. म्हणजे बाई, मुलगा झालेली, बाई झालेली. दुसऱ्यात भामिनी झाले होते बालगंधर्व, ज्यांची तान्ही मुलगी त्याच दिवशी गेली होती. बालगंधर्वांबद्दल आपण नेहमी सांगतो की ते बाई आहेत असंच वाटायचं. सोंगाड्या पार्टीत साडी नेसलेला पुरुष पुरुषच वाटतो, तो तसा वाटावा हीच गंमत असते, आणि तरी विरहाचं गाणं आलं की मंडपातल्या बायका पदर डोळ्याला लावतात. व्हिएन्नातल्या ऑक्टाव्हियनने हे दोन्ही एका संध्याकाळी केलं. पहिल्या अंकात मोलकरीण होऊन तो जाड आवाजात बावळटासारखा गात होता आणि कठड्यावरचे लोक खिदळत होते. शेवटच्या तिघींच्या गाण्यात तीच गायिका, आणि कोणी हालेना. मधला अंक लांब आहे, अर्धा तास सहज काढता येईल, पाय दुखतात. त्या गाण्यासाठी ते सहन करावं.

हे सगळं तिथे टिकतं ते रसिकांच्या थोरवीने, असं मला वाटत नाही. सरकारचा पैसा आहे, पगारी वाद्यवृंद आहे, हंगामात जवळजवळ रोज प्रयोग आहेत, आणि उभ्याचं तिकीट आहे. शेवटची गोष्ट सगळ्यांत स्वस्त आणि बहुतेक सगळ्यांत महत्त्वाची. विशीतली संगीत शिकणारी मुलं आठवड्यातून चारदा येतात, त्यांना तीनशे खेळांचा अनुभव असतो, आणि पुढे पैसे आले की त्यातली काही बसायला जातात. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस 1993 ला बंद पडलं आणि 2016 मध्ये सुंदर दुरुस्त होऊन उघडलं. ज्या वास्तूत बालगंधर्वांचेही प्रयोग झाले तिथे आज संगीत नाटक बघायचं तर ते बहुधा नाट्यगीतांची मैफल म्हणून मिळेल. निवडक पदं, मध्ये निवेदन. गाभा काढून शेंगदाणे वाढल्यासारखं.

मला मात्र वेगळाच हिशेब खुणावतो. नंदुरबारच्या नाट्यगृहात एखादी चांगली सोंगाड्या पार्टी लावायची, पूर्ण रात्रीची, तुकडा नव्हे, आणि शेजारच्या भिंतीवर मराठीत अर्थ दाखवायचा. प्रोजेक्टर, लॅपटॉप, एक साधा प्रोग्राम. खर्च फार नाही. अडचण दुसरीच आहे. ऑपेरात अर्थाच्या ओळी आधी तयार असतात आणि स्वरलिपी वाचत बसलेला माणूस वेळेवर बटण दाबतो, कारण तोस्का रोज तेच गाते. सोंगाड्या रोज तेच बोलत नाही. तो समोर कोण बसलंय ते बघून बोलतो, तलाठी असेल तर तलाठ्यावर. त्यामुळे देहवाली आणि मराठी दोन्ही पक्क्या येणारं, वेगाने टाइप करणारं कोणीतरी लागेल, रात्री दहा ते पहाटे पाच. त्यातही सोंगाड्याच्या लक्षात आलं की भिंतीवर आपलं बोलणं उमटतंय, की तो पाच मिनिटांत त्या टाइप करणाऱ्यालाच नाटकात ओढणार. त्याला मोत्सार्टसारखं भलत्या जागी बटण दाबता आलं पाहिजे.